हाल्वोरची थप्पी आणि हीट पंप

क्विटदालच्या खोऱ्यात माणसाची पारख त्याच्या तोंडावरून करत नाहीत, घराच्या भिंतीला लावलेल्या सरपणाच्या थप्पीवरून करतात. थप्पी वाकडी, तर माणूस वाकडा. हाल्वोरची थप्पी अशी होती की तिच्या माथ्यावर अंडं ठेवलं तर ते घरंगळण्याआधी परवानगी मागत असे. रस्ता मोजायला आलेले सरकारी लोक आपली पाणसळ आधी त्या थप्पीला लावून तपासून घेत. हे खुद्द हाल्वोरच सांगे, तेव्हा खरंच असणार.

त्या थप्पीतला एकही ओंडका कधी जळला नव्हता. शेगडीत जायचं ते मागच्या छपरातलं गाठींचं, वाकडंतिकडं लाकूड. समोरची थप्पी ही रस्त्यावरून जाणाऱ्यांनी बघून गप्प व्हायची वस्तू होती.

पण त्या शरद ऋतूत डॉक्टरांनी हाल्वोरच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि कुऱ्हाड बंद करून टाकली. घरी आल्यावर त्याची बायको रांदी हिने दुसरा घाव घातला.

"हे बघ हाल्वोर, शेगडी पहाटे विझते आणि माझे गुडघे बिजागऱ्यांसारखे करकरतात. या हिवाळ्यात घर गरम राहिलं तर मी राहीन. नाही राहिलं तर बर्गल्योतकडे चालले. वसंत येईपर्यंत."

बर्गल्योत म्हणजे तिची थोरली बहीण, हामारला राहणारी. हाल्वोरच्या हातातला कप तिथंच थांबला. रांदीशिवाय हिवाळा? तसा हिवाळा असू शकतो, हेच त्याला माहीत नव्हतं.

"मग करू काय?"

"हीट पंप घे. सगळं जग घेतंय."

"आपल्या खोऱ्यात एकाकडे तरी दिसतो का?"

"नाही दिसत," रांदी म्हणाली. "म्हणून तर सगळे सरपणासारखे वाळलेत."

तिन्सेत गावातल्या हीट पंपांच्या दुकानात सिग्ने नावाची मुलगी होती. तिने समजावलं, "उलटा फ्रिज समजा. बाहेरच्या हवेतली ऊब ओढायची आणि घरात सोडायची."

"पोरी, आमच्याकडे बाहेर उणे तीस असतं. त्यात ऊब कुठली आली?"

"असते की. थोडी असते, पण असते."

हाल्वोर हबकलाच. म्हणजे इतकी वर्षं अंगणात ऊब पडून होती, आणि तो आपला लाकडं फोडत बसला होता!

"आता नीट ऐका," सिग्ने म्हणाली. "हा छोटा दिसायला गोड आहे. पाटीवर उबेचा आकडाही मोठा आहे, पण तो अधिक सात अंशांचा. अधिक सातला तुमच्याकडे लोक नदीत डुंबतात. उणे पंचविसाला तो किती ऊब देतो, हे विचारायचं. हा दुसरा, दांडगा, उणे तिसातही घर तापवतो. तळाला बर्फ वितळवणारी तार आहे. भिंतीवर उंच टांगायचा, बर्फ साचतो त्याच्याही वर. आणि पुढून मागून हवा मोकळी हवी."

हाल्वोरचं लक्ष नव्हतं. तो पंपाच्या, घराबाहेर लावायच्या पेटाऱ्यांशी वाकून हाताने काहीतरी मापत होता.

"खोली किती?"

"कुठली? बैठकीची का?"

"पेटाऱ्याची गं. हा दांडगा दीड ओंडका भरतोय. नाही बसणार."

"कशात नाही बसणार?"

"ते असू दे. छोटा बांधून द्या."

घरी रांदीने विचारलं, "काय म्हणाली दुकानातली?"

"गोड आहे म्हणाली," हाल्वोर म्हणाला. खोटं काही बोलला नाही.

पंप लागला. हाल्वोरच्या हट्टाखातर बसवणाऱ्याने पेटारा खाली, जमिनीलगत ठेवला आणि मान हलवत निघून गेला. त्याची गाडी वळणाआड जाताच हाल्वोरने त्या पेटाऱ्याभोवती थप्पी रचली. वर, पुढे, बाजूला, बर्चचा ओंडका ओंडक्याला असा चिकटवून की मुंगीलाही पोट आत घ्यावं लागलं असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? थप्पी!

डिसेंबर बरा गेला. जानेवारीत मात्र पारा उणे तिसाला जाऊन बसला आणि उठेना. धूर धुराड्यातून बाहेर डोकावायचा, हवा बघायचा आणि मुकाट्याने परत खाली यायचा. एका सकाळी पंपाचा घरातल्या भिंतीवरचा डबा घरघरला, कण्हला आणि खोलीत गार फुंकर सोडू लागला. मागच्या छपरातलं लाकूडही आदल्या दिवशीच संपलं होतं.

रांदी कोट चढवूनच बाहेर आली. हातात बॅग.

"बर्गल्योतला फोन केलाय. न्यायला येतेय, जेवणाच्या वेळेला पोचते म्हणाली."

"थांब, थांब! ओडवारकडून रॉकेलचा स्टोव्ह आणतो."

शेजारच्या ओडवारची थप्पी खोऱ्यात दुसऱ्या नंबरची. हाल्वोर धापा टाकत पोचला आणि श्वास घ्यायला तिला टेकला. थप्पी करकन वाजली आणि दारासारखी उघडली. हाल्वोर बर्फात आडवा. डोळ्यांसमोर जे होतं ते त्याला समजेना. ते ओंडके नव्हतेच! ओंडक्यांच्या बिस्किटाइतक्या पातळ चकत्या होत्या, फळीवर खिळे मारून बसवलेल्या. मागच्या भिंतीवर एक दांडगा पेटारा ऐटीत गुणगुणत होता.

ओडवार धावत आला. अंगात बनियन, कपाळावर घाम.

"हे... हे काय आहे ओडवार?"

"ओरडू नकोस रे! माझी पाठ गेलीय तीन हिवाळ्यांपूर्वी. तुझी थप्पी बघून लाज वाटायची, म्हणून हे सोंग केलं."

"सोंग? लाकडाचं सोंग?"

"मी एकटाच आहे का? शाळामास्तरांकडे जा, तीच गत. गिरणीवाल्याच्या तर बिजागऱ्याही बाहेरून दिसतात. आणि पाद्रीबाईंची थप्पी नुसती रंगवलेली आहे. लांबून छान दिसते, जवळ जाऊ नकोस."

"पाद्रीबाईंची?" दर रविवारी चर्चमधून येताना हाल्वोर त्या थप्पीपुढे टोपी काढत असे.

"चकत्यांमधून हवा खेळते," ओडवार हळूच म्हणाला. "तुझ्या थप्पीच्या चकत्या कशाच्या केल्यास?"

हाल्वोर तसाच घराकडे पळाला. स्टोव्हही विसरला. घरी येऊन त्याने आपल्या थप्पीकडे एकदा बघितलं, मग रांदीच्या बॅगेकडे बघितलं, आणि मधला ओंडका हिसकून काढला.

आवाज नदीपलीकडे गेला म्हणतात. हिमकडा कोसळला असं वाटून माणसं फावडी घेऊन धावली. येऊन बघतात तो हाल्वोर ओंडक्यांच्या ढिगाऱ्यात उभा, आणि त्याच्या मागे बर्फाच्या लादीत गोठलेला गोड पेटारा. पंपाकडे कुणी पाहिलंच नाही. गिरणीवाल्याने एक ओंडका उचलला, उलटसुलट केला, ठोकून बघितला.

"आरपार लाकूड आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"सगळी थप्पी?" मास्तरांनी विचारलं.

"सगळी!"

पाद्रीबाईंनी त्या ढिगाऱ्यापुढे टोपी काढली.

"बघताय काय?" हाल्वोर खेकसला. "आत न्या! शेगडी पेटवा!"

माणसांनी रांग केली. इतकी वर्षं वाळलेला बर्च असा पेटला की शेगडी लाल झाली, खिडक्यांवरचं हिम वितळून भिंतीवरून वाहू लागलं आणि स्वयंपाकघरातलं तपकिरी चीज ताटात पसरलं. हाल्वोरने त्या धगीत उभं राहून दुकानात फोन लावला.

"सिग्ने? तो दांडगा पाठव. उणे तिसाचा. रस्त्याकडच्या भिंतीवर, उंच, सगळ्यांना दिसेल असा टांगायचा."

"तो बसत नाही म्हणाला होतात ना?"

"आता बसतो."

रांदी सगळं ऐकत होती. कोटाची बटणं तिने अजून सोडली नव्हती. "आणि तो येईपर्यंत?"

"तोवर ही थप्पी जाळायची. शेवटच्या ओंडक्यापर्यंत."

"लोक काय म्हणतील?"

"ते काय म्हणणार! आधी आपापल्या बिजागऱ्यांना तेल घाला म्हणावं."

रांदीने एक बटण सोडलं. मग दुसरं. बॅग पलंगाखाली सरकवली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. बर्गल्योत कुडकुडत आत आली आणि दारातच थबकली. हातमोजे काढले. मग टोपी, मफलर, कोट, वरचा स्वेटर, आतला स्वेटर. शेगडीजवळची हाल्वोरची खुर्ची ओढून तिने पाय पसरले.

"आमच्या हामारला असली ऊब नाही गं रांदी," ती डोळे मिटत म्हणाली. "मीच राहते इथे. वसंत येईपर्यंत."

त्या दिवशी हाल्वोरला बरेच धक्के बसले होते. पण हातातला ओंडका पायावर पडला तो या वेळी.