गाडीचे आरसे मिटले होते

दुपारी भुंगा झोपल्यावर मी त्याची पिशवी आणायला गाडीपाशी गेले, तर गाडीचे दोन्ही आरसे पसरलेले. आमची गाडी कुलूप लागलं की बाजूचे आरसे मागे मिटून घेते, रागावलेल्या मांजराच्या कानांसारखे. उघडली की पसरते. आरसे पसरलेत म्हणजे दार उघडं आहे.

दार उघडंच होतं. मागच्या सीटवर भुंग्याची बांधलेली खुर्ची जागेवर होती, पण शेजारची पिशवी नव्हती. पुढच्या खणातला माझा गॉगलही नव्हता.

भुंगा म्हणजे माझा मुलगा. दूध पिताना बारीक आवाजात गुणगुणतो, म्हणून सासऱ्यांनी त्याला हे नाव ठेवलं आणि खरं नाव कागदापुरतं उरलं. त्या दिवशी सकाळी त्याला लस टोचून आणली होती. तो खांद्यावर रडून रडून गळून गेला होता, म्हणून पिशवी गाडीतच ठेवून मी त्याला घरात नेलं होतं. त्याआधी बटण दाबलं होतं. आरसे मिटताना पाहिले होते.

नवऱ्याने पोलिसांना फोन केला. आलेला पोलीस पोक्त आणि प्रेमळ होता. त्याने गाडीभोवती सावकाश चक्कर मारली, काचांच्या कडेच्या रबरावरून बोट फिरवलं, कुलपाशी वाकून पाहिलं.

"कुठे ओरखडासुद्धा नाही," तो म्हणाला. "काच शाबूत, रबर जागच्या जागी. दार उघडं राहिलं असणार, ताई. घरात तान्हं बाळ आहे ना?"

"मी कुलूप लावलं होतं."

"तसे प्रकार होतात म्हणा. आपण बटण दाबतो, तो निरोप चोर मधल्या मधे अडवतात. गाडीला तो ऐकूच जात नाही आणि आपण पाठ फिरवून निघून जातो. पण ते मोठ्या पार्किंगमध्ये. या गल्लीत एवढा हुशार कोण येतोय?"

"पण माझ्या गाडीने ऐकलं होतं. मी आरसे मिटलेले पाहिले."

"आज?" त्याने विचारलं.

त्याने अगदी साधेपणाने विचारलं होतं. मी रोज बटण दाबते, रोज आरसे मिटताना पाहते. डोळ्यांसमोर होतं ते मिटणं आजचं की कालचं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नाही.

जेवताना नवऱ्याने वातावरण हलकं करायचा चांगला प्रयत्न केला. "पिशवीत लसीच्या वेळचा घाण लंगोट होता ना? मग चोराला पुरेपूर मिळालं." सासरे हसले. मीही हसले. मग त्याने टूथब्रशचा किस्सा काढला. मी एकदा अर्धवट झोपेत ब्रशवर भुंग्याचं पुरळाचं मलम घेतलं होतं आणि दोन-चार वेळा घासल्यावर मला ते कळलं होतं. एरवी या किश्शाला मीच सगळ्यात जास्त हसते.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या भुंग्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"पिशवीचं काय, पिशवी दुसरी येईल," त्या म्हणाल्या. "पण सोमवारपासून तू याला घेऊन एकटी जाणार."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. ज्या बाईला गाडीचं दार लावल्याचं आठवत नाही, तिने मागच्या सीटवर झोपलेलं बाळ आठवणीने उतरवायचं. पेपरात बंद गाडीत राहिलेल्या बाळाची बातमी आली की आम्ही पान उलटतो.

सोमवारी माझी रजा संपत होती. मी एका इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर काम करते. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, गोळ्या मोजून पाकिटात घालायच्या, पाकिटावर वेळा लिहायच्या, समोरच्या माणसाला त्या पुन्हा बोलून दाखवायच्या. इस्पितळाच्या मागच्या अंगाला पाळणाघर आहे. भुंगा तिथे राहील, मी मधल्या सुट्टीत त्याला पाजीन, असं सगळं ठरलं होतं. मला ते काम फार आवडतं. घरात कुणाला मी हे इतक्या स्पष्ट सांगितलं नव्हतं, पण त्या खिडकीच्या आठवणीने माझ्या पोटात मऊ वाटायचं.

"मी येत जाईन रोज बरोबर," सासूबाई म्हणाल्या. "तुला सोडून बसने परत येईन."

"आई, तुमचे गुडघे."

"मग आणखी काही महिने रजा वाढव."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघ ना. घाई काय आहे?" आणि आमटी वाढून घेतली.

मला कुणाचा राग आला नाही. राग यायला आधी स्वतःवर विश्वास लागतो, आणि माझा तोच डळमळला होता. पुढचे दिवस मी स्वतःचीच पाळत ठेवली. गॅस बंद केला की 'गॅस बंद केला' असं मोठ्याने म्हणायचे. भुंग्याला पाळण्यात ठेवून स्वयंपाकघरात गेले की परत येऊन पाहायचे, तो तिथेच आहे ना. तो तिथेच असायचा आणि मला पाहून असा काही हसायचा की जणू मी परगावाहून आले आहे.

रविवारी सकाळी नवरा गाडी धुवायला बाहेर गेला. मी न्हाणीघरात भुंग्याला अंघोळ घालत होते. तो पायांनी टबातलं पाणी उडवत होता आणि मी निम्मी भिजले होते. तेवढ्यात बाहेरून नवऱ्याची हाक आली.

"अगं, बटण दाबणं बंद कर ना. दार पुसतोय मी."

"कसलं बटण?"

"गाडीचं. सारखी उघडतेय. आता काय खेळ आहे का?"

"मी याला अंघोळ घालतेय. हात साबणाचे आहेत माझे."

मग त्याचा आवाज वेगळाच आला. "मग किल्ली कुणाकडे आहे?"

मी भुंग्याला टॉवेलात गुंडाळून पुढच्या खोलीत आले. किल्ली खुंटीवर होती. खिडकीतून नवरा दिसत होता, हातात फेसाचा स्पंज घेऊन तसाच उभा. त्याने गाडीचं दार लावलं, मुठीवरचं बटण दाबून कुलूप लावलं. आरसे मिटले. मग त्याने नुसता ओला हात दाराच्या मुठीला लावला. आरसे पसरले.

आमची गाडी बिनचावीची आहे. म्हणजे किल्ली असते, पण ती कुठे घालायची नसते. किल्ली जवळ असली आणि मुठीला हात लागला की गाडी ओळख पटल्यासारखी उघडते. दोन्ही हातांत बाळ असताना यासारखं सुख नाही. फक्त किल्ली कुणाजवळ आहे, हे गाडी बघत नाही. ती जवळ आहे एवढंच तिला कळतं. आमच्या पुढच्या खोलीची बाहेरची बाजू लाकडी फळ्यांची आहे. गाडी त्या फळ्यांना लागून उभी असते, मधे एक माणूस कसाबसा मावेल एवढी फट ठेवून. आणि फळ्यांच्या आतल्या बाजूला, बरोबर गाडीच्या दारासमोर, किल्लीची नवी खुंटी होती. आम्ही कुलूप लावत होतो आणि किल्ली गाडीच्या कुशीत ठेवत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याने नुसती मूठ धरायची.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर एवढंच, की मी विसरले नव्हते. मी टॉवेलातल्या भुंग्याच्या ओल्या डोक्यावर ओठ टेकवले आणि बराच वेळ तशीच उभी राहिले.

मग माझं लक्ष खुंटीकडे गेलं. ती सासऱ्यांनी केली होती.

त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्यांनी हाताने केलेली ती पहिली वस्तू. जुन्या टेबलाची फळी रंधून, घासून, तेल देऊन त्यात पितळी आकडे बसवले होते. त्याआधी किल्ली आतल्या खोलीत माझ्या पर्समध्ये असायची आणि मी ती रोज शोधायचे. खुंटी लावताना त्यांनी मला भुंग्याला कडेवर घेऊन उभं केलं होतं. "हात वर करू नकोस, जिथे सहज जातो तिथे दाखव," म्हणाले आणि तिथे पेन्सिलने खूण केली. म्हणून ती खुंटी अशी विचित्र खाली, माझ्या कोपराच्या उंचीवर आहे.

नवरा आत आला, दार लोटून हळू आवाजात म्हणाला, "आपण खुंटी गुपचूप हलवू. तिथे कपाट ठेवायचंय असं सांगू. बाबांना कशाला बोलायचं?"

"आणि मी?"

"तुला कळलंय ना आता. मला कळलंय. माझं चुकलंच."

"आईंना कळलेलं नाही."

तो स्पंज पिळत राहिला. पाणी फरशीवर.

नुसती पिशवी असती तर मी त्याचं ऐकलं असतं. कपाटही आणलं असतं. सासऱ्यांचं मन दुखवण्यापेक्षा विसरभोळी सून म्हणवून घेणं मला जड नव्हतं. पण रोज सकाळी मी भुंग्याला उचलून निघाले की सासूबाई माझ्याकडे नाही, त्याच्याकडे पाहणार, आणि त्या पाहण्याखाली मी एक दिवस खरंच काहीतरी विसरणार. मी भुंग्याला झबलं घातलं आणि मागच्या अंगणात गेले. सासरे नव्या डोळ्याने पेपर वाचत होते, सासूबाई शेजारी शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगितलं. गाडी, फळ्या, खुंटी. काही गाळलं नाही.

सासरे उठले. चपला घालून पुढे आले, मुठीला हात लावला. आरसे पसरले. "लाव परत," ते म्हणाले. मी लावलं. पुन्हा हात, पुन्हा आरसे. मग नवऱ्याला म्हणाले, "किल्ली न्हाणीघरात नेऊन ठेव." तो गेला. आता त्यांनी मूठ धरली, ओढली, थोपटली. गाडी ढिम्म.

ते थोडा वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, चुकलंच माझं.

"म्हणजे कुलूप आपण लावायचं आणि किल्ली चोराच्या हातात द्यायची," ते म्हणाले. "तीसुद्धा तेलपाणी केलेल्या खुंटीवरून."

"बाबा, ती खुंटी फार चांगली आहे."

"चांगली आहेच. चोराला विचार."

सासूबाई शेंगांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सासऱ्यांकडे बघून मला म्हटलं, "आता यांच्याकडे नातू द्यायचा की नाही, हा प्रश्नच आहे."

सासरे हसायला लागले. मग मी. सासूबाईंनी माफी मागितली ती एवढीच, आणि मला ती पुरली.

मग दुपार मजेत गेली. नवऱ्याने कुठेतरी वाचून काढलं, की किल्ली घरात लांब ठेवली तरी पुरत नाही. चोरांकडे जोडीची यंत्रं असतात. एक जण घराजवळ उभा राहून किल्लीचा निरोप पकडतो, दुसरा तो गाडीपर्यंत पोचवतो, आणि गाडी बिचारी फसते. उपाय एकच, किल्ली धातूच्या घट्ट डब्यात ठेवायची. मग डबे निघाले. बिस्किटांचा डबा फळ्यांपाशी धरला तर गाडी उघडली, झाकण ढिलं होतं. सासरे आत डबा धरून, नवरा बाहेर मूठ धरून, मधे खिडकीत मी आणि भुंगा, निकाल ओरडून सांगणारे. शेवटी सासूबाईंनी त्यांचा बटणांचा डबा आणला, बटणं ताटात ओतली आणि म्हणाल्या, "हा घ्या. माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे, याचं झाकण मलाच सहज उघडत नाही." त्यात किल्ली ठेवल्यावर गाडी हलली नाही. भुंगा मधल्या मधे झोपून गेला.

सोमवारी सकाळी मी निघाले तेव्हा सासूबाई त्याला घेऊन गाडीपर्यंत आल्या. त्यांनीच त्याला खुर्चीत बसवलं, पट्टा उलटा लावला, मी सरळ केला.

"येऊ का मी?" त्यांनी विचारलं. येते म्हणाल्या नाहीत.

"नको, आई."

"बरं. सावकाश जा." आणि फाटकात न थांबता आत गेल्या, दूध गॅसवर होतं.

खिडकीवर सकाळभर रांग होती. सासूबाईंचा फोन येईल असं धरून मी मोबाईल खिशात ठेवला होता. आला नाही. मधल्या सुट्टीत पाळणाघराच्या कोपऱ्यात भुंग्याला पाजलं, तो गुणगुणत गुणगुणत माझ्या हातावर झोपला, तेव्हा मीच हळूच घरी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर सासूबाईंनी उचलला. आवाज जड होता.

"काय झालं, आई? बरं नाही का?"

"अगं, डोळा लागला होता," त्या म्हणाल्या. "पेपर तोंडावर घेऊन झोपले, कळलंच नाही. का फोन केलास?"

"असाच."

"मग ठेव आता. जेवून घे तू."