सिवेल खाल्लेली शेळी

ओर्वेना शेळीला घेऊन बर्फकड्यावरून उतरली तेव्हा तिच्या पायांत त्राण उरलं नव्हतं, मन मात्र नाचत होतं. सिवेल सापडली होती, शेळीने पोटभर खाल्लीही होती. बर्फाखालचा तो निळसर पाला माणसाने खाल्ला तर विष. शेळीने खाल्ला की दुधात औषध उतरतं, आणि पांढऱ्या खोकल्यावर दुसरा इलाज नाही. दुधात त्याचा गुण टिकतो तो जेमतेम त्या दिवसापुरता. घरात तिची लेक इल्झी त्याच खोकल्याने झिजत पडली होती.

दारातूनच तिने नवऱ्याला हाक मारली. "तोर्गन, करडू सोड आधी! कास बघ कशी तट्ट भरलीय!"

तोर्गन जागचा हलला नाही. चुलीपाशी इल्झीला बघायला आलेले वैद्यबुवा बोटं चाटत बसले होते. आमच्या खोऱ्यात पाहुण्याला मांसाशिवाय जेवू घातलं की घराण्याचं नाकच कापलं जातं. आणि तोर्गनच्या घरात कापण्याजोगं दुसरं होतं काय?

"करडू कापलंस?"

"मग काय, कोरड्या भाकरीवर उठवू त्यांना? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं माझ्या!"

"अब्रू राहिली ना तुझी? आता तीच पाज पोरीला!"

वैद्यबुवांचा हात थांबला. "अरे गाढवा, ह्याच शेळीचं होतं हे? मला काय ठाऊक!" विचारलं असतं तर कळलं असतं, पण ऊन रस्सा पुढे आल्यावर विचारतो कोण?

करडू ढुशा देत नाही तोवर आमच्या शेळ्या पान्हा सोडत नाहीत. ओर्वेनाने सड ओढले, शेळीला गोंजारलं, शिव्या दिल्या, शेवटी तिच्या पाया पडली. तोर्गनने ओलं कातडं आणून शेळीच्या नाकाशी धरलं. तिने हुंगलं, हलकी साद घातली, आणि रक्ताचा वास लागताच अशी लाथ झाडली की भांडं उडालं. थेंब नाही. पुन्हा वर जाऊन येण्याइतके दिवस पोरीकडे नाहीत, असं वैद्यबुवा मान खाली घालून म्हणाले. मग उजेड गेला, आणि त्याबरोबर दुधातला गुणही.

"आई," आतून इल्झी म्हणाली, "कसला छान वास येतोय गं. मला दे ना थोडं."

कितीतरी दिवसांत पोरीने काही मागितलं नव्हतं. ओर्वेनाने वाटीत रस्सा घेतला, फुंकून गार केला आणि तिला भरवायला बसली. तोर्गन दाराशी उभा होता.

इल्झीने दोन घोट घेतले. "बाबा, तुम्ही केलात? मस्त झालाय."