पुढच्या चाकावरून जर्मनीला

दुपारचा सव्वा वाजला होता. वैशाख महिना, साल १९७९. जागा कोराडी रोड. दुसऱ्या पाळीच्या कामगारांना वीज केंद्रावर घेऊन निघालेल्या बसचा पुढचा उजवा टायर फुटला.

तो टायर मी. आता माझा वीतभर तुकडा उरलाय, तोच तुमच्याशी बोलतोय. मी विमानानं जर्मनीला जाऊन आलो. तिथं माझ्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि इथं माझ्यापायी एका माणसावर खटला चाललाय. बोलायचं त्राण फारसं राहिलेलं नाही, पण गप्प बसणारे आधीच पुष्कळ आहेत.

उमेदीची वर्षं मी सावनेरकडून कोळसा वाहणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकावर काढली. तिथं एकदा दगडानं माझी बगल, म्हणजे बाजूची भिंत, चिरली. नक्षी झिजून गुळगुळीत झालो, तेव्हा ट्रकवाल्यानं मला कामठी रोडवर वामनरावांच्या कारखान्यात विकून टाकलं. तिथं जुन्या टायरांची पाठ खरवडून नवं रबर चढवतात आणि साच्यात घालून वाफेवर शिजवतात. आपल्याकडे त्याला रिमोल्ड म्हणतात. मी बाहेर आलो तो काळाभोर, ठळक नक्षीचा. बगलेतली चीर मात्र जिथल्या तिथं होती. तिच्यावर काळा रंग फासला होता.

रिमोल्ड टायर मागच्या चाकालाच लावायचा, हे रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक असतं. मागं जोडीला जोडी असते. एक फुटला तर शेजारचा भार घेतो. पुढं प्रत्येक बाजूला एकच. तो गेला की गाडी ड्रायव्हरची राहत नाही.

वामनरावांच्या दोन बस कोराडीच्या कंत्राटावर होत्या. त्यातल्या एकीच्या मागच्या चाकाला मला लावलं. दसरा आला. गाड्या धुतल्या, झेंडूची तोरणं बांधली. पूजा गाडीच्या तोंडाशी होते, नारळ तिथंच फुटतो, फोटोही तिथूनच निघतो. पुढचे टायर झिजलेले दिसत होते. वामनराव म्हणाले, "मागचे नवे दिसणारे दोन पुढं घ्या. लक्ष्मीसमोर गाडी कशी उजळ दिसली पाहिजे."

बसचा ड्रायव्हर नत्थू मेश्राम. त्याच्या घरचे त्या दिवशी पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जायला निघाले होते, त्यालाही तिकडं पोचायचं होतं. तरी तो जॅकजवळ थांबला.

"मालक, रिमोल्ड पुढं नका लावू. दसरा होऊन जाईल, मले तर रोज जा लागते."

"एका दिवसाचं काम आहे रे. उद्या परत मागं टाकू."

नत्थूनं माझ्या बगलेवर अंगठा फिरवला. "आजीले कवळी बसवून नवरी म्हणून उभी करून राहिले तुम्ही."

सगळे हसले. वामनरावही हसले, आणि माझ्यावर हळदीकुंकू पडलं.

तो उद्या दिवाळीत आला नाही, संक्रांतीला आला नाही. नत्थू आठवण करून द्यायचा. "मालक, नवरी अजून पुढंच बसली हाय." उत्तर ठरलेलं असायचं, "करू, करू." रोज निघण्याआधी कोणीतरी येऊन मला एक लाथ मारायचं. टायरला लाथ मारली की माणसाला तपासणी केल्याचं समाधान मिळतं.

वैशाखात डांबर पाघळलं. बस भरलेली होती. माझी जुनी चीर आतून उकलत गेली आणि मी फुटलो. समोरून बैलगाडी येत होती. नत्थूनं स्टिअरिंग छातीशी धरून बस बाभळीवर घातली. बैलगाडी वाचली, बसमधले खरचटण्यावर सुटले. बाभळीचं खोड नत्थूच्या बाजूनं आत आलं होतं. त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

पोलीस येण्याआधी वामनरावांची जीप आली. बस ओढून न्यायची म्हणून चाक बदललं आणि मला जीपमध्ये टाकलं. कारखान्यात त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, मग हळूहळू अभिमान आला. ते फोरमनला म्हणाले, "बघ, बगल फाटली, पण आपलं रबर हललंसुद्धा नाही. असा नमुना मिळायचा नाही." माझ्या धड बाजूचा तुकडा कापला, घासला, पॉलिश केला. बगलेची फाटकी बाजू वेगळी करून कुठंतरी पाठवली. पोलिसांना सांगितलं, टायर भंगारात गेला. पोलिसांनी लिहून घेतलं की ड्रायव्हर बेफाम गाडी चालवत होता.

जूनमध्ये मी वामनरावांच्या सुटकेसमध्ये, त्यांच्या नव्या कोटाशेजारी, पश्चिम जर्मनीला पोचलो. टायरवाल्यांची वार्षिक परिषद होती. प्रचंड हॉल, गार हवा, प्रत्येकाच्या छातीवर नावाचं कार्ड. माझ्यासारखे तुकडे पांढऱ्या कापडांवर मांडलेले. लोक यायचे, नखानं टोकरायचे, कॉफी प्यायचे, पुढं जायचे. दिवसभर भाषणं. जवळजवळ प्रत्येकात सुरक्षितता हा शब्द यायचा आणि मग जेवणाची वेळ व्हायची. तीन दिवसांत ड्रायव्हर हा शब्द मी एकदाही ऐकला नाही.

वामनराव माझ्यावर बोलले. आमच्याकडच्या उन्हात, आमच्या रस्त्यांवर हे रबर टिकलं, म्हणाले. टाळ्या पडल्या. मग एक म्हातारा जर्मन उठला. त्यानं मला हातात घेतलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा कोणत्या चाकावर होता?"

वामनराव म्हणाले, "मागच्या."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि मला खाली ठेवलं. संध्याकाळी वामनरावांना पितळेची तबकडी मिळाली.

आता मी त्यांच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे. तबकडी माझ्याच शेजारी. मागच्या महिन्यात नत्थूची बायको कौसल्या आली होती. वकिलानं सांगितलं होतं, फुटलेला टायर मिळाला तर नत्थूवरचा डाग जाईल.

"अहो बाई, टायर भंगारात गेला," वामनराव म्हणाले. "सांगितलं नं किती वेळा."

ती उठली नाही. तिची नजर कपाटाकडं गेली. "हे काय हाय?"

"जर्मनीला जाऊन आलेला टायर आहे तो."

"इतक्या लांब गेलेला परत आला," ती म्हणाली, "अन् कोराडीच्या रस्त्यावरचा आमचाच काहून सापडत नाही?"

त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. ती चहा न पिता गेली.

मला हाक मारता येत नाही. माझ्या खालच्या कडेच्या खाचेत, रस्ता आणि पॉलिश दोन्ही न लागलेल्या जागी, दसऱ्याला पुढच्या चाकावर पडलेल्या कुंकवाची एक रेघ अजून आहे. तुमच्यापैकी कोणी त्या ऑफिसात गेलंच, तर कपाट उघडायला सांगा आणि मला एकदा उलटं करून बघा.

खटला उभा आहे. आरोपी एकच, नत्थू मेश्राम. तो कुबडी घेऊन तारखेला जातो. मला पुढच्या चाकाला कोणी लावायला सांगितलं, हे कोर्टात अजून कोणी विचारलेलं नाही.