अमेरिकेशी सोयरीक

सर, तुम्ही खोटं बोललात. भरल्या सभागृहात, माइकवरून, गळ्यात हार असताना खोटं बोललात.

तुम्ही म्हणालात, "डॉक्टर अंजना ही माझी विद्यार्थिनी. अमेरिकेची वाट तिला मीच दाखवली." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत बसून मी हात मांडीवरच ठेवले होते. मी देवमन, अंजनाचा मामा, इंझोरीचा. शाळा चौथीत सुटली. पुढचं जे काही आलं ते मिळेल ते वाचून आलं, म्हणून गोड लिहायची सवय नाही. तुम्ही कोणती वाट दाखवली ते मला माहीत आहे, आणि आता सगळ्यांना माहीत होणार आहे.

अंजनाचा बाप माणिकराव कारंजा डेपोत कंडक्टर. माय वच्छला, माझी धाकटी बहीण, हिनं आयुष्य निंदण-खुरपणात काढलं. त्यांच्या घरच्या तुकड्यात तूर असायची. एका वर्षी ती तूर फुलावर आली आणि उभ्याउभ्या वाळली. कीड नाही, पाण्याची ओढ नाही, नुसती वाळत गेली. अंजना तेव्हा मॅट्रिकला होती. ती रोज एक झाड उपटायची, मूळ चिरून पाहायची, आत काळं दिसायचं, आणि विचारायची, "माय, हे आतून कायं काहून पडलं?" माय म्हणायची, "मले का इचारतं? ज्याले ठाऊक अशीन त्याले इचार." पोरगी त्या शोधात तुमच्या वनस्पतिशास्त्र विभागात पोचली, सर. एम. एस्सी. ला पहिल्या वर्गात आली.

झाड उभ्याउभ्या वाळवणाऱ्या या मर रोगावरच तिला डॉक्टरकी, म्हणजे पीएच. डी., करायची होती. अमेरिकेत त्याचं मोठं काम चालतं हे तिनं तुमच्याच ग्रंथालयात वाचलं आणि शिफारसपत्र मागायला तुमच्या खोलीत आली. तुम्ही काय म्हणालात?

"छोटी विद्यापीठं बघ. मोठी हजारातून दहा घेतात. आणि तिथे राखीव जागा नसतात, बरं का."

पोरगी पहिल्या वर्गात आली होती, सर. राखीव जागेचं नाव तिनं काढलं नव्हतं, तुम्ही काढलं.

शिफारस तुम्ही लिहिली, दोन ओळींची. 'मी कोण आणि मला का शिकायचं' हा निबंध अर्जासोबत लागतो. त्यासाठी तुम्ही तिला भारताच्या थोर परंपरेवर मजकूर सांगितलात. तो तिनं घरी येऊन चुलीत घातला आणि वाळलेल्या तुरीवर लिहिलं. नागपूरला जाऊन इंग्रजीची परीक्षा दिली, विषयाची दिली. छोटी विद्यापीठं तिनं पाहिलीच नाहीत. सगळ्यांत अवघड अशी तीन निवडली: एक न्यूयॉर्क शहरातलं, एक कॅलिफोर्नियाच्या समुद्राकाठचं, आणि एक मधल्या मक्याच्या मुलखातलं. तुमच्या दोन ओळींना झाकायला तिनं दुसऱ्या दोन प्राध्यापकांची पत्रं मिळवली. ते भले लोक होते.

पंच्याहत्तर सालच्या मार्चाच्या सुरुवातीला एकामागून एक तीन पाकिटं आली. अंजनानं आधीच सांगून ठेवलं होतं, पातळ आलं तर नकार, जाड आलं तर होकार. पहिलं आलं तेव्हा वच्छलेनं ते हातात तोलून पाहिलं आणि वावरातूनच ओरडली, "जाड हाय वं, अंजना! जाड हाय!" दुसरंही जाड, तिसरंही जाड. तिघांनीही घेतलं होतं, फी माफ करून वर संशोधनाचा पगार देऊन. कोणाकडे येणार ते मात्र पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचं होतं. त्यानंतर जागा दुसऱ्याची.

गावात प्रश्नच नव्हता. विहारातल्या जयंती कमिटीचे अध्यक्ष उकंडराव म्हणाले, "न्यूयॉर्क! बाबासाहेब ज्या शयरात शिकले, पोरगी त्याच शयरात जाईन. याच्यात इचार कायचा?"

वच्छला म्हणाली, "इचार घराचा."

"कोन्त्या घराचा?"

"पोरगी देतानी आपुन घर पायतो का नाई? हीर कुठं, शेजार कसा, सासरा तापट का थंडा, दुखलं-खुपलं तं कोन येते. दोन कोसावर पोरगी द्याची असली तं चार मानसं जाऊन येतात. हे तं समुद्राच्या पार जाऊन राह्यली."

माणिकराव हसले. "एसटी नाई जात तिथं. कोन जाईन घर पायाले?"

"मानूस नाई जात तं चिठ्ठी जाते."

आणि तिथंच बसल्या बसल्या वच्छलेनं प्रश्न सांगितले. पाणी हातानं घेता येतं, की कोणी वरून ओततं? जेवायला पंगतीत बसवतात, की बाजूला? पोरगी आजारी पडली तर कोण येईल? आणि जो मास्तर शिकवणार, तो रागीट आहे का?

हसू नका, सर. तुम्ही हसला होतात, म्हणून सांगतो.

अंजनानं इंग्रजी मसुदा केला आणि चूक राहू नये म्हणून तुमच्याकडे आणला. सोबत मी होतो, दाराबाहेर उभा. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात आणि मोठ्यानं हसलात.

"अगं, ही काय सोयरीक आहे? जगातली नामांकित विद्यापीठं आहेत ती! तुम्ही लोक पाणवठ्याच्या पुढे कधी जाणार?"

अंजना म्हणाली, "सर, इंग्रजी बरोबर आहे का, तेवढं सांगा."

"इंग्रजी बरोबर आहे. डोकं ठिकाणावर नाही. हे पाठवलंस तर तिन्ही जागा रद्द होतील, लिहून ठेव. प्रश्न विचारणारे विद्यार्थी त्यांना नको असतात. आणि माझ्या विभागाचं नाव जाईल ते वेगळंच."

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. एवढ्या वर्षांची कमाई चार प्रश्नांसाठी घालवायची का, हे तिच्या मनात चाललं होतं, आणि खरं सांगतो, माझ्याही मनात तेच. घरी आल्यावर ती मायला म्हणाली, "माय, रद्द केलं तं?"

वच्छला भाकर थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"इचारल्यानं जे सोयरीक मोडते, थे घर पयलेच चांगलं नव्हतं. तुह्या सरले कधी इचारलं का तू, का माठातलं पानी मले हातानं काहून घेऊ देत नाई?"

  ही गोष्ट मला तोवर माहीत नव्हती.

तुमच्या विभागातला माठ, सर. व्हरांड्यात तिवईवर ठेवलेला. बाकीची पोरं ओगराळं बुडवून पेल्यात पाणी घ्यायची. अंजना आली की शिपाई उठायचा आणि वरून धार धरायचा. ती ओंजळीनं प्यायची. दोन वर्षं. शिपायाला कोणी सांगितलं होतं, ते तिला कधी कळलं नाही. तुमच्या खोलीचं दार त्या माठासमोरच उघडतं.

"टाइप कर," एवढंच मी म्हणालो.

टाइपरायटर कारंज्याला शांतीलाल शेठच्या अडतीवर होता. शेठ जैन, कापसाचे मोठे व्यापारी, जिभेचे तिखट. अंजना एका बोटानं टाइप करत होती, वच्छला आणि मी बाजूला उभे होतो आणि शेठ मागून वाचत होते.

"देवमन, हे का बे? अमेरिकेशी सोयरीक जमवून राह्यले का?"

"तसंच समजा, शेठ."

"मंग बराबर हाय! पार्टी पाह्यल्याबिगर आमी गठान नाई देत, तुमी पोरगी कायले द्यावी?" आणि आत हाक मारली, "मां, सुना क्या?" त्यांच्या म्हाताऱ्या आई हीराबाई बाहेर आल्या, प्रश्न ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "एक रह गया. पूछ, शाकाहारी मिळते का." वच्छला हसून लोळायची बाकी राहिली. "मावशी, आमची पोरगी समदं खाते!"

पत्रं गेली. मग वाट पाहणं. पोस्टमन दिसला की अंजना आत जायची आणि वच्छला बाहेर यायची.

न्यूयॉर्कहून रंगीत चित्रांचं पुस्तक आलं आणि छापील ओळ: तुमचं पत्र संबंधित कार्यालयाकडे पाठवलं आहे. कॅलिफोर्नियाहून सभ्य उत्तर आलं, की राहण्याजेवणाची चौकशी वसतिगृह विभागाकडे करावी. जागा कोणीही रद्द केली नव्हती. तुमचं पहिलं खोटं तिथंच फुटलं, सर.

मक्याच्या मुलखातून मात्र पत्र आलं ते हातानं लिहिलेलं. ज्याच्या हाताखाली अंजना शिकणार होती त्या प्रोफेसराचं. अंजनानं ते ओट्यावर बसून वाचलं, एक ओळ इंग्रजी, एक ओळ आपली. निम्मी आळी गोळा झाली होती.

"तो म्हणते, माय, पानी व्हरांड्यात हाय. भिंतीले नळ हाय, दाबला का धार वर उडते. समदे तोंड लावून पितात. म्हणते, आमचे कुलगुरू आले तरी त्याईलेबी वाकाच लागते."

"वाकाच लागते!" कोणीतरी मागून म्हणालं.

"पन पुढं लिवलं... म्हणते, मी तुमच्या आईपासून लपवणार नाई. दहा-बारा वर्षांआधीपर्यंत आमच्या देशातल्या काही राज्यांत गोऱ्याचा नळ वेगळा होता अन् काळ्याचा वेगळा. कायद्यानं गेला. समद्यांच्या मनातून गेला, असं मी सांगू शकत नाई. माह्या प्रयोगशाळेत कोनी तसं वागलं तं त्याले मी बाहेर काढीन. एवढं माह्या हातात हाय."



"रागीट हाय का म्हणून इचारलं होतं, त्याचं?" वच्छलेनं विचारलं.

"हो म्हणते. काचेची नळी धुतली नाई तं वरडतो. पन मानूस पाहून वरडत नाई. खाली त्याच्या बायकोनं लिवलं. पोरगी आजारी पडली तं मी येईन, आमचं घर जवळच हाय. अन् शेवटी त्यानं उलटा प्रश्न इचारला. तुमच्या वावरात तूर पयले कोन्त्या बाजूनं वाळते?"

वच्छलेनं कपाळाला हात लावला. "पाय! घरान्याचा मानूस हाय. सोयरिकीत दोन्हीकडून इचारतात."

पण उकंडराव ऐकेनात. चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत त्यांनी माइकवरूनच विषय काढला. "बाबासाहेबाईचं शयर सोडून पोरगी मक्याच्या वावरात चालली. लोक का म्हनतीन? वच्छलाबाई, याचं उत्तर द्या!"

माझी बहीण माइकसमोर कधी उभी राहिली नव्हती. ती उठली, पदर खोचला आणि तशीच वर गेली. माइक कुठं धरायचा ते कळेना, म्हणून तिनं त्याची मानच पकडली.

"उकंडरावभाऊ, बाबासाहेब गेले तवा तथी आपलं कोनी होतं काय? त्याईच्या आधी कोन्या पायाचा ठसा होता? जिथं कोनी गेलं नाई तिथं थे गेले. मंग माही पोरगी त्याईच्या मागं नाई चालली तं कोनाच्या मागं चालली? अन् आनिक एक. पान्यासाठी त्याईनं तळं गाठलं. मी तं निस्ती चिठ्ठी पाठवली. ज्यानं खरं उत्तर देल्लं, पोरगी त्याची."

 मग जो गजर उठला, तो बाजूच्या गावाला ऐकू गेला असेल. उकंडराव स्वतः घोषणा द्यायला लागले. म्हातारा दिलाचा मोठा.

पंधराला सकाळी आम्ही सगळे कारंज्याच्या तार ऑफिसात. अमेरिकेत तेव्हा चौदाचीच रात्र होती. आमचा दिवस आधी उगवला होता. तारबाबूनं विचारलं, "मजकूर?"

अंजना म्हणाली, "येते."

"एवढंच?"

मागून वच्छला म्हणाली, "पानी प्याले येते म्हना!" बाबू पेन ठेवून हसला. बाकीच्या दोघांनाही त्याच दिवशी कळवलं, दुसरीकडे जमलं म्हणून. ताटकळत ठेवू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.

ऑगस्टात पोरगी निघाली. बसवर ड्यूटी तिच्या बापाचीच होती. माणिकरावांनी लेकीचं तिकीट फाडलं, तिच्या हातात दिलं, दोरी ओढून घंटी दिली आणि पुढच्या गावापर्यंत प्रवाशांकडे पाठ करून उभे राहिले.

चार वर्षांत ती डॉक्टर झाली. तुरीच्या मुळाला काळं करणारी जी बुरशी, तिच्यावरच तिचा प्रबंध. यंदा ती घरी आली तेव्हा तुम्ही सत्कार ठेवलात आणि वाट दाखवल्याचं भाषण ठोकलंत. भाषणानंतर सगळ्यांना चहाला विभागात नेलंत. व्हरांड्यात तिवई तीच, माठ तोच. ती जवळ जाताच शिपाई सवयीनं उठला.

अंजना म्हणाली, "बसा काका."

तिनं झाकण काढलं, ओगराळं माठात बुडवलं, पेला काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर उभ्यानं संपवला. मग दुसरा भरला आणि वच्छलेला दिला. माझ्या बहिणीनं तो घोटघोट, सावकाश घेतला.  मला वाटलं, एवढ्या वर्षांची तहान आज भागली.

मग अंजना तुमच्याकडे वळली. हसतच विचारलं, "सर, माझ्या वेळी शिपायाला वरून ओतायला कोणी सांगितलं होतं?"

तुम्ही घड्याळ पाहिलंत. म्हणालात, "चला, चहा थंड होतो."

चहा केव्हाच थंड झाला, सर. सातासमुद्रापार बसलेल्या परक्या माणसानं माझ्या अडाणी बहिणीच्या प्रत्येक प्रश्नाला स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं, आपल्या देशाची लाजही लपवली नाही. तुमचं दार तर माठासमोरच उघडतं. शिपायाला कोणी सांगितलं होतं? नाव सांगा.