लोखंडाची गेडी

मोरीसाहेबांच्या मुलीला बर्फ पाहिजे होता, आणि आमच्या गावात बर्फ कुणी डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. मी पाहिला होता. बल्लारशाच्या स्टेशनावर, मासळीच्या पेट्यांत, लाकडाच्या भुशात पुरलेला, मळकट. त्यामुळे बर्फाच्या बाबतीत गावात माझा शब्द शेवटचा. "त्याच्यावर माणूस नाचू शकत नाई," असं मी ठासून सांगितलं आणि तोंडघशी पडले.

आमचं गाव एटापल्लीच्या पुढे, सूरजागडच्या डोंगरांच्या पायथ्याशी. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमच्या ह्यांची, म्हणजे लटारूंची, फॉरेस्टच्या बंगल्यावर चौकीदारी होती. (तोंडाने हे नाव मी कधी घेतलं नाही, लिहायला काय जातं!) स्वयंपाक माझ्याकडे. सत्तावन्न साली दिवाळीनंतर डोंगरातला लोखंडाचा दगड तपासायला जपानहून मोरीसाहेब आले आणि बंगल्यावर उतरले. सोबत चोविशीची मुलगी, सुमिको. गावाने दुसऱ्याच दिवशी तिची सुमीबाई करून टाकली. दुभाष्या म्हणून चांद्याचे गुणवंतराव. इंग्रजी चांगलं, पण दुसऱ्याचं बोलणं सांगताना मध्ये स्वतःचं दोन पैशाचं घुसडायची भारी सवय.

सुमीबाईची कहाणी मला त्यांच्याच तोंडून कळली. ओसरीत मी तांदूळ निवडत होते, ती शेजारी बसून खडे वेचत होती, आणि गुणवंतराव खांबाला टेकून सांगत होते.

तिच्या देशात बर्फावर स्पर्धा होतात. बुटाखाली पोलादाचं पातं असतं. एका पायावर तोल धरून बर्फात आठचा आकडा काढायचा, मग त्याच रेघेवरून पुन्हा जायचं आणि पुन्हा. पोरगी बाजूला झाली की परीक्षक गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि रेघेवर रेघ बसली का ते बघतात. उड्या आणि नाच त्यानंतर.

"म्हणजे पायानं काढलेली रांगोळीच की," मी म्हटलं.

ती लढाईच्या दिवसांत गोठलेल्या तळ्यावर शिकली. त्याच लढाईत आई गेली, थोरला भाऊ गेला. ती मात्र घसरत राहिली, पडत राहिली आणि मोठी होऊन देशात तिसरी आली. मग तिला युरोपात पाठवलं, साऱ्या जगाच्या बायकांमध्ये. तिथे आली शेवटून दुसरी. गावी परतल्यावर लोकांनी हारतुरे दिले, आणि हिला तोंड कुठे लपवावं ते कळेना. पुढच्या हिवाळ्यात देशात दुसरी आली, पण त्या साली एकीलाच पाठवलं. त्यानंतर बापाला इकडची नोकरी लागली आणि तो तिला सोबत घेऊन आला. येणाऱ्या हिवाळ्यात जगाच्या स्पर्धेसाठी पुन्हा निवड होती. मिळाली तर तीच शेवटची संधी, कारण मागून कोवळ्या पोरी येत होत्या.

माझ्या जिभेला हाड नाही. मी विचारलं, "शेवटून दुसरी आली, तर मंग पुन्हा जायचं काऊन?"

गुणवंतरावांनी ते इंग्रजीत सांगायच्या आत तिलाच समजलं. तोवर तिला आमची बोली थोडी येऊ लागली होती.

"तिथं रेघ बराबर आली होती," ती म्हणाली. "एक वेळ. मंग मी पडली. पण ती रेघ... मले ती परत पाहिजे."

आणि तिने सुपावर बोटाने आठचा आकडा काढला. तांदूळ दोन्हीकडे सरकले. माहेर आठवून रडणाऱ्या पोरी मी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण रेघेसाठी झुरणारी ही पहिलीच.

बापापुढे मात्र हा विषय निघायचा नाही. माणूस वाईट नव्हता. घरातली दोन माणसं गेलेली, उरलेली एक डोळ्यांसमोर राहावी एवढंच त्याला हवं होतं. सुमीबाई कधी चाचरत बोलू लागली की तो पेजेत मीठ कमी आहे म्हणायचा. दोन्ही कान शाबूत, पण सोयीचा बहिरा! त्यातच पावसाळ्यात त्याला हिवतापाने धरलं. ताप उतरायचा, चार दिवसांनी पुन्हा चढायचा. अशा बापाला सोडून ती जाणार कशी? दसऱ्याच्या आत निघाली नाही, तर तिकडे सरावाला वेळ उरत नव्हता. हे तिला ठाऊक होतं, बापालाही ठाऊक होतं, आणि दोघं ताटावर बसून पेजेतल्या मिठाबद्दल बोलत.

संध्याकाळी ती ते बूट घालायची. पात्यांना लाकडी खोळ लावायची आणि खोलीच्या सागवानी फळ्यांवर खिडकीचा गज धरून एका पायावर उभी राहायची. असे बूट पायाला बसायला वर्ष जातं, नवे घेऊन कामाचे नाहीत, म्हणून चामडं पायाची ओळख विसरू नये यासाठी हा खटाटोप. बंगल्यावर पाणी भरणारी मंगली दारात घडा टेकवून हे बघत राही. मंगली गोंडाची, सुमीबाईच्याच वयाची. दोघींची भाषा एक नव्हती, पण दोघींचं बोलणं काही संपत नसे.

आता गेडीचं सांगते. जिवतीच्या, म्हणजे आषाढाच्या, अवसेपासून आमच्याकडे पोरं बांबूच्या गेड्या करतात. दोन उंच काठ्या, त्यांना पाय ठेवायला खुंट्या. चिखलातून टकटक करत गावभर हिंडतात. पोळ्यापर्यंत ही मजा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला, झाडून साऱ्या गेड्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. गावातली रोगराई त्यांच्यावर बसवून पाठवायची. घरात एक जरी गेडी राहिली तर त्या घरातलं दुखणं हटत नाही, आणि टाकलेली गेडी कुणी परत आणली तर साऱ्या गावावर संकट.

त्या साली पोळ्याला बैल फिरून आल्यावर पोरांच्या गेड्यांची शर्यत लागली. कुणीतरी थट्टेने सुमीबाईपुढे गेडी धरली. ती चढली, दोन पावलं डगमगली आणि मग जी सुटली! पोरं मागे पडली. शेवटाला तिने एक काठी सोडून दिली आणि एकाच गेडीवर गर्रकन गिरकी घेतली. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. झिंगू ढोलवाल्याने तर ढोल फुटेस्तोवर बडवला. तिचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडा पाहिला. मग ती खाली उतरली, गेडी पोराच्या हातात दिली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

"काऊन रडून राह्यली ते?" मंगलीने विचारलं.

"तिले तिच्या देशात असंच खेळायचं हाये," मी म्हटलं. याहून सोपं मला सांगता आलं नाही.

त्याच दिवशी मोरीसाहेबांचा ताप असा चढला की माणूस ओळखीना. सुमीबाई त्यांच्या उशाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी "ईडा पीडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!" म्हणत सारं गाव गेड्या घेऊन निघालं. आम्ही साहेबांच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलण्यात गुंतलेल्या. दुपारी ताप घामावाटे उतरला, साहेबांनी पाणी मागितलं, आणि सुमीबाई आनंदाने कपडे बदलायला आपल्या खोलीत गेली. खुंटीवर बूट नव्हते.

मंगली अंगणात भांडी घासत होती. तिने काही लपवलं नाही. उलट तोंडावर हसू मावत नव्हतं.

"मी टाकून आली," ती म्हणाली. "घरात गेडी राह्यली होती, म्हणून साहेबाचा ताप हटत नव्हता. आता हटला का नाई?"

मी कपाळावर हात मारला. सुमीबाईला ‘टाकून’ एवढंच कळलं आणि ती अनवाणी धावत सुटली. तिच्यामागे मंगली, मंगलीमागे मी, माझ्यामागे गुणवंतराव धोतर सावरत.

शिवेवर नाला आहे. त्याच्या पलीकडे ऐनाच्या झाडाखाली मोडलेल्या गेड्यांचा ढीग पडला होता. वरच्या टोकाला सुमीबाईचे बूट होते, पावसाने भिजलेले. मंगलीने मोडायला पाहिले असतील, पण पोलाद काय मोडतंय! सुमीबाईने नाला ओलांडला, बूट उचलले, छातीशी धरले आणि परत फिरली. तोवर अलीकडच्या काठावर इसरू गायता येऊन उभा होता. गावचं देवाधर्माचं तोच बघायचा. तो रागावला नव्हता. त्याने दोन्ही हात जोडले होते.

"बाई, तू ये. ते आत नको आणू. रोगराई त्याच्यावर बसवून पाठवली हाये. गावात लेकरं हायेत."

"अरे इसरूभाऊ, ते गेडी नाई, जोडे हायेत!" मी ओरडले.

"पायात घातले का माणूस उंच होते ना?"

"होते."

"मंग?"

त्याच्यामागे लेकरं कडेवर घेतलेल्या बाया जमल्या होत्या, आणि त्या मनापासून घाबरल्या होत्या. मंगलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपण नेमकं काय टाकलं ते आत्ता कुठे तिच्या ध्यानात येत होतं.

पलीकडेच रस्त्यावर आलापल्लीला टपाल नेणारी बंडी जुंपून उभी होती. गुणवंतरावांच्या डोक्यात तोडगा आला. त्यांनी ओरडून सांगितलं, "बूट बंडीत टाका. आलापल्लीला माझ्या ओळखीच्या दुकानात राहतील. तुम्ही या परत. साहेब चांगले झाले की बघू."

तोडगा सोन्यासारखा होता. मला तर हायसं वाटलं. सुमीबाईने बंडीकडे पाहिलं, बंगल्याकडे पाहिलं, हातातल्या बुटांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नाई. मी परत आली, तर मंग जात नाई," ती म्हणाली. "मले माहीत हाये."

मग तिने बापाला बोलवायला सांगितलं.

मोरीसाहेब घोंगडी पांघरून, आमच्या ह्यांच्या खांद्यावर भार टाकून आले. ते काठावर थांबले. मध्ये गुडघाभर पाणी. लेक एकदाच बोलली, जपानीत, थोडंच. काय बोलली ते समजायला भाषा लागत नव्हती. या वेळी पेज नव्हती आणि मीठही नव्हतं. म्हाताऱ्याने घोंगडी आवळून घेतली. मी मनात म्हटलं, आता हा म्हणणार, मी आजारी आहे, आणि ही बिचारी बूट टाकून पाण्यात उतरणार.

तो चार शब्द बोलला. सुमीबाई कमरेतून वाकली, इतकी की केस जमिनीला लागले.

"काय म्हणाले, भाऊ?" मी गुणवंतरावांना कोपराने ढोसलं. साहेबांनी तेच शब्द गुणवंतरावांना इंग्रजीत सांगितले. तेव्हा कळलं. त्या दिवशी गुणवंतरावांनी स्वतःचं काही घुसडलं नाही.

"म्हणाले, चामडं ओलं झालं आहे. उन्हात वाळवू नको, तडकेल. सावलीत वाळव."

आमच्या ह्यांनी तिची पेटी आणून नाल्यापलीकडे दिली, मी भाकरी बांधून दिली. मंगली पाण्यातून जाऊन तिच्या गळ्यात पडली आणि काय काय गोंडीत बोलत राहिली. गुणवंतराव बल्लारशापर्यंत सोबत गेले. बंडी वळणाआड गेली तरी मोरीसाहेब काठावरून हलेनात. शेवटी मीच रागे भरले तेव्हा आले. त्यांचा ताप त्यानंतर पुन्हा चढला नाही. मंगलीने ते आपल्या खात्यात धरलं, मीही धरू दिलं.

नंतरच्या दिवसांत बंगला खायला उठे. साहेब डोंगरावरून आले की तिच्या खोलीच्या दारात घुटमळत आणि आत न जाता वळत. माघात पत्र आलं. रेघ बरोबर आली, उडीत पाय घसरला, ती तिसरी आली, या वेळी निवड दोघींचीच होती. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा उतरणार आहे, लोक हसतात तरीही.

मंगलीला एवढंच कळलं की ती हरली. तिचे डोळे चमकले.

"मंग आता तं आली पाहिजे ना! साहेब, तिले लिवा, गेडी शिवेबाहेर ठिवून ये म्हणावं. मी राखण करतो. लिवलं का?"

मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू, तिच्या हरण्याने माझ्याही मनाला पालवी फुटली होती. गुणवंतराव भाषांतर करायला पुढे सरसावले, पण साहेबांनी हाताने थांबवलं. आजवर ते आमच्याशी आमच्या बोलीत बोलले नव्हते. लेकीकडून ऐकून ऐकून जेवढी आली होती, तेवढीत ते शब्द शोधत बोलले.

"मले पण वाटते, ये म्हणावं," ते म्हणाले. "रोज वाटते. म्हणून लिहून नाई राह्यलो."