बटणाचं भोक

भिमाजींनी सगळी हयात द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात डेंटिंग करण्यात, म्हणजे गाड्यांच्या पत्र्यातले पोचे नि भोकं बुजवण्यात घालवली, आणि त्या हयातीत त्यांनी एकच प्रमाणपत्र मानलं. काम झालं की गिऱ्हाइकाला गाडीपाशी न्यायचं, पत्र्यावरून हात फिरवायला लावायचा आणि आपण गप्प उभं राहायचं. गिऱ्हाईक गोंधळून "कुठं होतं हो?" म्हणालं, की काम पास. पाठीवरची थाप, चहा, सगळं त्यानंतर.

गेल्या वर्षी त्यांचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आता गॅरेज चालवणाऱ्या मुलाने, योगेशने, फार गोड शब्दांत त्यांना घरी बसवलं. हल्ली लोक दारच्या दार बदलतात, पत्रा दुरुस्त करत बसायला वेळ कुणाला आहे, असं त्याचं म्हणणं. भिमाजी घरी बसले आणि दिवसभर सुनेच्या, प्रतिभाच्या, स्वयंपाकघरातले डबे वाजवून पत्रा तपासू लागले. दोन महिन्यांत ती मेटाकुटीला आली.

अशात नात दिशाने भद्रकालीच्या भंगार बाजारातून कॉम्प्युटरचं एक रिकामं कॅबिनेट उचलून आणलं. ती इंजिनिअरिंगला होती आणि कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने जोडायचा तिचा हट्ट होता. पत्रा जुना, जाडजूड. मात्र आधीच्या मालकाने त्याला मन मानेल तिथे भोकं पाडून ठेवलेली. भिमाजींनी नखाने टकटक केलं आणि म्हणाले, "लांबी लागंल."

दिशा टेप घेऊन आली. लांबी मोजायला.

भिमाजी कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. मग त्यांनी तिला समजावलं, की गॅरेजातली लांबी म्हणजे राखाडी लगदा. त्यात चिमूटभर हार्डनर कालवायचा, पात्याने भोकावर ओढायचा, आणि चहा संपेस्तोवर त्याचा दगड होतो. जेवताना योगेश सहज म्हणाला, की आबांनी हे काम करून बघावं, हात कसा चालतो ते कळेल, मग गॅरेजचं बघू. त्याने सहज म्हटलं, पण भिमाजींनी ते सहज ऐकलं नाही. त्या रात्री त्यांनी मनगटाला दोनदा तेल चोळलं.

सकाळी दिशा खडूने खूण करून कॉलेजला गेली. समोरच्या एका भोकाभोवती तिने ठळक गोल काढला होता. बाकीची तशीच. पोरगी घाईत विसरली, असं भिमाजींनी ठरवलं. गोल केलेलं पहिलं बुजवलं, मग उरलेली सगळी. पंख्याची जाळी तेवढी त्यांना कळली, ती सोडली. गच्चीवरच्या उन्हात, कुणाला बघू न देता, तीन दिवस लांबी, पाणी, पॉलिश पेपर आणि पुन्हा लांबी. गिऱ्हाईक बाहेरून बघतं, पण आपल्याला आतलंही माहीत असतं, म्हणून आतूनही घासलं. मनगट ठणकलं की थांबायचे, कुणाला सांगायचे नाहीत. शेवटी स्प्रेच्या डब्याने निळा रंग मारला आणि स्वतःवरच खूश झाले.

रविवारी दिशाने तारा जोडल्या आणि चालू करायचं बटण हातात घेऊन समोर बसली. कॅबिनेट सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं.

"आबा, बटणाचं भोक?"

"बुजवलं की. तूच गोल केला व्हता."

दिशाने कपाळावर हात मारला. गोल केलेलं तेवढं सोडायचं होतं! चाळीस वर्षं गॅरेजात खडूचा गोल म्हणजे 'इथं काम आहे', एवढंच भिमाजींना ठाऊक. योगेश दारात उभा होता, त्याच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना. एक काम मिळालं आणि त्यातही माती खाल्ली, या विचाराने त्यांचं तोंड एवढंसं झालं.

दिशा मात्र कामाला लागली होती. भोक पुन्हा पाडायला तिने योगेशचं ड्रिल काढलं, टॉर्च मारला, बोटं फिरवली, पत्रा तिरपा करून उजेडात धरला. आत डोकं घालून पाहिलं. मग वैतागून म्हणाली,

"आबा, पण ते होतं कुठं?"

भिमाजींना ते शब्द जरा उशिराच ऐकू आले. ऐकू आले आणि डोळे भरले, ते लपवायला त्यांनी चष्मा काढून पुसला.

योगेश पुढे आला. त्याने तळवा पत्र्यावरून हळूहळू फिरवला. एकदा, मग उलट दिशेने पुन्हा एकदा. त्यालाही सापडलं नाही. तेव्हा भिमाजींनी चष्मा न घालताच अंगठा एका जागी टेकवला.

"इथं."

दिशाने तिथे ड्रिल लावलं. आधी निळी, मग राखाडी भुकटी सांडली आणि जुन्या भोकाची गोल कड बरोब्बर उघडी पडली.

योगेशने भुकटी फुंकून उडवली आणि कोपऱ्यात पडलेलं लांबीचं पातं उचलून वडिलांच्या हातात दिलं.

"उद्या साडेनऊला गॅरेजला निघू, आबा," तो म्हणाला. "एका जीपचं दार बदलायचं म्हणत होतो. राहू दे आता."