नवाच्या आत ‘उघडलं’

मी कठडा बोलतोय. अहो, असे दचकून खाली काय बघताय? मी लाकडाचा नाही. लाकडाचा होता तो माझा बाप. गिरगावातल्या गोमती चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर त्याने आयुष्य काढलं. त्याच्यावर कोपरं टेकून तीन पिढ्यांनी गप्पा हाणल्या, टॉवेल वाळवले आणि शेजारच्या स्वयंपाकाचे वास ओळखले. मी त्याचा मुलगा. मी एक संकेतस्थळ आहे. फोनवर दिसतो, कॉम्प्युटरवर दिसतो, आणि माझ्यावर टेकणाऱ्यांना म्हणतात कठडेकर.

माझा जन्म कसा झाला ते ऐका. चाळ पाडून तिथे टॉवर बांधायचं ठरलं आणि बिऱ्हाडं पांगली. कोणी दादरला गेलं, कोणी माटुंग्याला, कोणी परळला. सगळे रडकुंडीला आलेले. तेव्हा बारा नंबरच्या खोलीतला अभय, कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेला, म्हणाला, “रडताय काय? कठडा बरोबर नेऊ या.” आणि मे महिन्यातल्या एका रविवारी, आईने चिरलेला आंबा खाता खाता, त्याने मला बनवलं. एका हाताने. दुसरा हात चिकट होता ना! म्हणून असेल, माझी डावी बाजू पहिल्यापासून जरा वाकडीच आहे.

दिसायला मी कसा होतो म्हणता? रंग पिवळाधमक, अगदी चाळीच्या भिंतीचा. अक्षरं हिरवी. वर लाल रंगात ‘नवीन’ असा शब्द डोळे मिचकावायचा, आणि त्याच्याखाली सतरा वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण होतं. कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. माझ्यावर काय नव्हतं! बोंबलाच्या कालवणात आमसूल घालावं की चिंच, यावर एकदा तीन आठवडे भांडण चाललं. दोन मुलांची लग्नं माझ्यावर जमली, एक मोडलंही. मजेत चाललं होतं हो सगळं.

पण माझ्यावरची सगळ्यात महत्त्वाची जागा एकच, ‘दार’. तिथे फक्त चौघं लिहायची, आणि रोज एकच शब्द लिहायची: ‘उघडलं.’

त्याचं असं. चाळीत सकाळी प्रत्येकाचं दार उघडायचं. एखादं आठ वाजेपर्यंत उघडलं नाही की शेजारी ते बडवायचाच. पांगापांग झाल्यावर चारजण एकटी पडली. उर्मिलाबाई, त्या नव्या टॉवरात चौदाव्या मजल्यावर. मनमोहनराव दादरला. आनंदीबाई माटुंग्याला. आणि तात्या परळला. चौघंही सत्तरीच्या पुढची. मग उर्मिलाबाईंनी फर्मान काढलं: सकाळी नऊच्या आत प्रत्येकाने कठड्यावर ‘उघडलं’ लिहायचं. प्रत्येकाकडे एकेकाचं दार नेमून दिलेलं, आणि त्या दाराची किल्लीही. उर्मिलाबाईंनी मनमोहनरावांचं दार बघायचं, मनमोहनरावांनी आनंदीबाईंचं, आनंदीबाईंनी तात्यांचं, आणि तात्यांनी उर्मिलाबाईंचं. नऊ वाजले आणि शब्द नाही, की उठायचं आणि जायचं. फोन करायचा नाही.

“फोन का नाही?” आनंदीबाईंनी विचारलं होतं.

“मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडून दिलेत,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “फोनवर मरायला टेकलेला माणूससुद्धा ‘बरा आहे’ म्हणतो. तोंड बघितल्याशिवाय खरं कळत नाही.”

आता उर्मिलाबाईंची गोष्ट वेगळी होती. त्यांची मुलगी दर्शना ठाण्याला राहते. आई चौदाव्या मजल्यावर एकटी राहते, या काळजीने तिला झोप यायची नाही. तिचा एकच धोशा, “आई, माझ्याकडे चल.” आणि आईचा एकच नन्ना. शेवटी तहनामा झाला. दर्शना रोज नऊ वाजता कठडा उघडून बघणार. ‘उघडलं’ दिसतंय तोवर आईने गिरगावात राहायचं. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी बॅग भरायची. तीन वर्षं एक दिवस चुकला नव्हता. तापात, चिकुनगुनियात, वीज गेली तेव्हासुद्धा नाही. उर्मिलाबाईंचं सगळं घर माझ्यावरच्या एका शब्दावर उभं होतं, आणि मला त्याचा केवढा अभिमान!

आणि मग माझा वाढदिवस आला.

अभयची मुलगी जुई आता डिझाइन शिकते. गोड पोर. तिने बाबांना म्हटलं, “बाबा, हा किती जुनाट दिसतो! मी ह्याला नवा करून देते, सगळ्यांना सरप्राइज.” आणि एका रविवारी दुपारी मला न्हाऊमाखू घालून, पांढराशुभ्र करून, गोल गोल कोपरे काढून बाहेर उभा केला. खोटं कशाला बोलू? मला गुदगुल्या झाल्या. डावी बाजू पहिल्यांदा सरळ झाली होती. आरसा असता तर मी समोरून हललोच नसतो.

कठडेकर मात्र उसळले.

पहिले तात्या. “मेल्यांनो, माझो कठडो खंय गेलो? ह्यो दवाखानो कोणी उघडल्यान?”

मग मनमोहनराव. जुन्या प्रभू घराण्यातले, सरकारी कचेरीत हयात घालवलेली. त्यांना साधी तक्रार करताच येत नाही. “विषय: पूर्वीचा पिवळा रंग परत मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की, नवा कठडा डोळ्यांस खुपतो.” खाली ‘आपला विश्वासू’, आणि त्याच्याखाली ‘प्रत माहितीसाठी: सर्व कठडेकर’.

आनंदीबाई पडल्या शाळेच्या बाई. “अक्षर सुबक. रंग नाही. शंभरपैकी अकरा. पालकांना भेटायला पाठवणे.”

माहीमच्या एकाने लिहिलं की त्याचा अंगठा सतरा वर्षं ज्या जागी जायचा ती जागाच गायब झाली, आता अंगठा हवेत लटकतोय. कोणी म्हणालं, ‘नवीन’ कुठे गेलं? त्याच्याशिवाय काय नवीन ते कळत नाही. उर्मिलाबाईंनी मात्र एवढंच लिहिलं, “जुई बाळ, फार छान केलंयस हं. आता परत होतं तसं कर.”

बिचारी जुई! रात्रीपर्यंत एकशे ब्याऐंशी तक्रारी मोजून ती न जेवता झोपली.

इथवर सगळी गंमत होती. खरा घोटाळा सोमवारी झाला, आणि तो मीच केला. कबूल करतो. जुईने मला नवी अक्कल दिली होती: कोणी तेच ते पुन्हापुन्हा लिहीत असेल, तर तो कचरा समजून लपवायचं. आणि मी नव्या कपड्यांच्या तोऱ्यात ‘दार’ बघितलं. चार माणसं, रोज, वर्षानुवर्षं, एकच शब्द! मी ते सरळ अडगळीत टाकलं. वर कमाल अशी की, ज्याचं त्याला स्वतःचं ‘उघडलं’ दिसत होतं. दुसऱ्याचं कोणालाच दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी आठ दहाला उर्मिलाबाईंनी लिहिलं, ‘उघडलं.’ मग चहा घेत मनमोहनरावांच्या नावाची वाट बघत बसल्या. साडेआठ. पावणेनऊ. नऊ. अर्धा कप चहा तसाच टाकून, फोन चार्जरलाच विसरून, त्या टॅक्सीत बसल्या. “दादर! आणि रस्त्यात कोणाशी भांडू नका हो!”

त्याच मिनिटाला दादरला मनमोहनराव आनंदीबाईंच्या नावाकडे बघून चष्मा पुसत होते. ते निघाले माटुंग्याला. आनंदीबाई तात्यांच्या काळजीने निघाल्या परळला. आणि तात्या पायात मिळेल ते घालून बाहेर पडले, गिरगावला!

कळलं ना? चौघं चार दिशांना, एकमेकांना वाचवायला! कोणीच घरी नाही, आणि प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्याची किल्ली. हे सगळं मला कसं ठाऊक? अहो, पुढे महिनाभर माझ्यावर दुसरा विषयच नव्हता.

टॉवरच्या वॉचमनने तात्यांना अडवलं, “किसके यहाँ जाना है?” तात्या म्हणाले, “बाजूला हो रे, माणूस मरतंय वर!” वॉचमन घाबरून स्वतःच लिफ्टमध्ये शिरला. तात्यांनी किल्लीने घराचं दार उघडलं तर आत कोणी नाही. पंखा फिरतोय, चहा अर्धा.

“उर्मिला! गो, खंय गेलंस?” तात्यांनी पलंगाखालीसुद्धा बघितलं.

तेवढ्यात चार्जरवरचा फोन वाजला. दर्शना होती. नऊ वाजल्यापासून लावत होती. तिकडून आईऐवजी बाप्याचा आवाज! “कोण बोलतंय? आई कुठेय?”

“मी तात्या. उर्मिला घरात नाय. पलंगाखालीव बघलंय. चहा अर्धो टाकल्यान.”

दर्शना तशीच विक्रोळीच्या ऑफिसातून धावत सुटली.

इकडे परळला आनंदीबाई तात्यांच्या रिकाम्या खोलीत उभ्या. मोबाइल घरी राहिलेला. तात्यांचा जुना फोन समोर होता, पण नंबर पाठ कोणाचा असतो हल्ली? पाठ फक्त स्वतःच्या घरचा. मग त्यांनी तोच फिरवला. का फिरवला, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही.

आणि तो कोणीतरी उचलला!

“नमस्कार. आनंदीबाई घरी नाहीत.”

“ते मला माहीत आहे! मीच आनंदीबाई आहे!”

“अस्सं? मग आपण आहात कुठे?” माटुंग्याला आनंदीबाईंच्याच खुर्चीत बसून मनमोहनरावांनी विचारलं.

“तात्यांकडे. पण तात्या घरात नाहीत!”

मनमोहनरावांनी कचेरीतल्या सवयीने कागद काढला, चार नावं लिहिली, आणि नावांमध्ये बाण काढले. शेवटचा बाण फिरून पहिल्या नावाला टेकला तसे ते हसायला लागले. ओळखीच्या सत्तावन्न वर्षांत त्यांना असं हसताना कोणी ऐकलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या घरी फोन लावला.

“हॅलो,” पलीकडून उर्मिलाबाई कडाडल्या. “मनमोहनराव ना? गॅसवर दूध ठेवून गेलात! सगळं उतू जाऊन भांडं जळलंय, पडद्यापर्यंत धूर आला होता. मी आले नसते तर काय झालं असतं?”

मनमोहनरावांचं हसू थांबलं. “उर्मिलाबाई,” ते हळूच म्हणाले, “आपले उपकार झाले.”

तासाभराने चौघं गिरगावात उर्मिलाबाईंकडे जमली. उर्मिलाबाईंनी पोहे टाकले. आनंदीबाई हसून हसून पदराने डोळे पुसत होत्या. तेवढ्यात दारात दर्शना उभी राहिली. केस विस्कटलेले, डोळे लाल.



“आई,” दर्शना म्हणाली, “पंचवीस वेळा फोन लावला मी. पंचवीस! टॅक्सीत काय काय येऊन गेलं माझ्या मनात, तुला कल्पना आहे? बास झालं. ठरलं होतं आपलं. बॅग भर.”

उर्मिलाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या एरवी कोणाचं ऐकायच्या नाहीत, पण ठरलं होतं ‘दिसलं नाही तर’, आणि शब्द म्हणजे शब्द. त्यांनी गॅस बंद केला. “भरते,” म्हणाल्या, आणि खरंच आतल्या खोलीकडे वळल्या. मला त्या वेळी वाटलं, माझे हे गोल कोपरे कोणीतरी करवतीने कापून टाकावेत.

दर्शना चपला काढायला वाकली आणि थबकली. दाराशी एक तपकिरी कातडी चप्पल होती, आणि तिच्या जोडीला एक निळी रबरी स्लिपर.

“हे कोणाचं?”

“माझां,” तात्या ओशाळून म्हणाले. “घाईत कायव घातलंय.”

“तात्या, तुम्ही किती वाजता निघालात?”

“नऊ वाजून एक मिनिट.”

दर्शना उंबऱ्यावरच बसली. ती चप्पल उचलून बघत राहिली. “मी नऊ वाजल्यापासून फोन लावत होते,” ती म्हणाली. “पाऊण तास नुसती फोनच लावत बसले. तुम्ही तोवर इथे येऊन पलंगाखाली बघितलंत.” आणि मग ती रडता रडता हसायला लागली. “आई, राहू दे ती बॅग. पोहे गार होतायत.”

दुपारी जुई आली, मान खाली घालून, लॅपटॉप पोटाशी धरून. “मला खरंच वाटलं काहीतरी बिघाड आहे. रोज तोच शब्द! कशासाठी लिहिता, मला माहीतच नव्हतं हो आजी.”

“तू विचारलं नाहीस आणि आम्ही सांगितलं नाही,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “खा आधी. उपाशी पोरीने केलेलं काम मला नको.”

जुईने तिथेच बसून मला परत पिवळा केला. ‘नवीन’ परत डोळे मिचकावू लागलं. डावी बाजू पुन्हा वाकडी झाली, हुश्श! अक्षरं मात्र मोठी ठेवली, कारण ती मनमोहनरावांना चष्म्याशिवाय वाचता आली. त्यांनी तसा आभाराचा अर्जही केला. आनंदीबाईंनी शंभरपैकी एक्क्याण्णव दिले, पण पालकांना भेटायला बोलावलंच. अभय मुकाट्याने येऊन बोलणी खाऊन गेला.

तर मंडळी, असा मी. माझं एवढंच मागणं आहे. मला रंगवा, मला सजवा, मलाही नटायला आवडतं. पण हात लावण्याआधी माझ्यावर टेकलेल्यांना एकदा विचारा. तुम्हाला जो कचरा वाटेल, त्याच्या भरवशावर कोणीतरी शांतपणे चहा पीत असेल.

आता गप्प बसतो, कारण नऊ वाजत आलेत. ‘दार’वर चौघांचीही नावं आली आहेत. पण हल्ली तिथे पाचवंही नाव असतं. दर्शनाचं. ती स्वतःहून म्हणाली, मलाही घ्या, माझंही दार कोणीतरी बघा. ते नेमून दिलंय उर्मिलाबाईंना.

आठ सत्तावन्न झाले, तरी तिचं काही आलेलं नाही. उर्मिलाबाईंनी चपला घातल्यात, हातात ठाण्याची किल्ली आहे, आणि चेहरा तर असा फुललाय की जणू लग्नाला निघाल्यात.

आठ अठ्ठावन्न. लिफ्टचं बटण दाबलं.

आठ एकोणसाठ. ‘उघडलं.’

उर्मिलाबाईंनी फोनकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. “आली बाई,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या हिरमुसल्याच. मग चपला काढल्या आणि चहा गरम करायला आत गेल्या.